‘नेव्हर’ आणि आपले ‘कधीच नाही’

(वज्रेश्वरी येथे विद्यार्थी व पालकांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



विद्यार्थ्यांना इंग्रजीविषयी चार शब्द सांगावेत, अशी संस्थेची सूचना होती. इंग्रजी म्हणजे समुद्र. एका बैठकीत त्याचे काय काय सांगणार? म्हणून आम्ही ओंजळभरच पाणी घ्यायचे ठरवले आहे. एकच शब्द घेतला आहे, ‘नेव्हर’. अर्थ सर्वांना ठाऊक आहे : कधीच नाही. पाचवीतला मुलगाही सांगेल. पण अर्थ ठाऊक असणे वेगळे आणि वेळेवर तो शब्द बरोबर तोंडात येणे वेगळे. या दोहोंमधले अंतर आमच्या कितीतरी मुलांना नोकरीच्या दारात नडते, म्हणून हा विषय.

वज्रेश्वरीला इंग्रजी अनोळखी नाही. शेजारच्या गणेशपुरीच्या आश्रमात १९७० नंतर परदेशी साधक मोठ्या संख्येने येऊ लागले, तेव्हापासून इथल्या दुकानदारांनी आणि रिक्षावाल्यांनी व्याकरणाचे पुस्तक न उघडता इंग्रजी कानावर घेतले. आता तिकडे भिवंडीच्या बाजूला मोठमोठी गोदामे उभी आहेत आणि आपली मुले कामाला तिथेच जातात. तिथल्या भिंतींवर, पिंपांवर, यंत्रांवर सूचना असतात आणि त्यांतल्या कितीतरी ‘नेव्हर’ने सुरू होतात. उचललेल्या मालाखाली कधीही उभे राहू नका. ही दोन रसायने कधीही एकत्र करू नका. सांगितल्यापेक्षा जास्त मात्रा कधीही घेऊ नका. अशा ठिकाणी पहिला शब्द वाचता आला नाही तर उरलेले वाक्य नेमके उलट कळते. ‘नेव्हर मिक्स’ यातला ‘नेव्हर’ सुटला, तर हातात फक्त ‘मिक्स’ उरतो. तेव्हा हा केवळ परीक्षेतल्या गुणांचा प्रश्न नव्हे.

आपल्या मुलांची अडचण कुठे होते? आपल्या ‘कधीच नाही’त दोन शब्द आहेत. ‘कधीच’ हा काळ सांगतो, ‘नाही’ हा नकार देतो. एकट्या ‘कधीच’ने भागत नाही. इंग्रजीने मात्र हे दोन्ही एका शब्दात कोंबले आहेत. जुन्या इंग्रजीत ‘ने’ म्हणजे नाही. तो ‘एव्हर’ला, म्हणजे कधीही या शब्दाला चिकटला आणि ‘नेव्हर’ झाला. नकार त्याच्या पोटातच आहे. आपला मुलगा मनात मराठी वाक्य जुळवतो, ‘कधीच’साठी ‘नेव्हर’ ठेवतो आणि मग ‘नाही’ उरले म्हणून ‘नॉट’ही घालतो. ‘आय नेव्हर डू नॉट टेल लाइज.’ त्याला म्हणायचे असते, मी कधी खोटे बोलत नाही. आजच्या इंग्रजीच्या हिशेबाने त्याचा अर्थ होतो, मी खोटे बोलत नाही असे कधी घडतच नाही! ‘नोबडी डिड नॉट कम’ हे त्याच घरातले. ‘कोणीच आले नाही’ हे मराठीत अगदी शुद्ध, पण इंग्रजीत ‘नोबडी केम’ एवढेच पुरे. भिवंडीतल्या हिंदी-उर्दू बोलणाऱ्या मुलांचीही हीच गत होते, कारण ‘कभी नहीं’ हेही दोन शब्दच आहेत.

तेव्हा एवढे ध्यानात ठेवा, ‘नेव्हर’ आला की ‘नॉट’ला सुट्टी. आणि ‘नेव्हर’ची जागा पाहून ठेवा. साध्या क्रियापदाच्या अगोदर तो येतो : ‘ही नेव्हर कम्स’. ‘कम’चा ‘स’ जागच्या जागी राहतो, ‘डज’ आणायची गरज नाही. ‘इज’ किंवा ‘हॅज’ असेल तर त्याच्यानंतर येतो : ‘ही इज नेव्हर लेट’, ‘शी हॅज नेव्हर बीन टू पुणे’. परीक्षेत वाक्यरूपांतराचा प्रश्न असतो, अर्थ न बदलता नकारार्थी करा. ‘आय शॅल ऑल्वेज रिमेंबर यू’ याचे ‘आय शॅल नेव्हर फर्गेट यू’ होते. नेहमीचे कधीच नाही झाले, आठवणेचे विसरणे झाले, अर्थ तोच राहिला. हा प्रश्न पाठ करण्याचा नाही, गंमत म्हणून घरी जेवताना खेळण्याचा आहे.

इथे थोडे विषयांतर करतो. दोन नकार लावणे म्हणजे अडाणीपणा, असे इंग्रजी माध्यमातली मुले आपल्या मुलांना हिणवतात. त्यांना सांगा की इंग्रजीचा थोर कवी चॉसर, चौदाव्या शतकातला, ‘कँटरबरी टेल्स’मध्ये एकाच वाक्यात तीन-तीन, चार-चार नकार घालतो आणि त्याला कोणी नापास केले नाही. दोन नकारांचा होकार होतो हा दंडक पुढे अठराव्या शतकातल्या व्याकरणकारांनी पक्का केला. फ्रेंच आणि रशियन भाषांत आजही आपल्यासारखेच ‘कधीच’ आणि ‘नाही’ दोन्ही लागतात. अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या बोलीतही दुहेरी नकार आहे. त्याबद्दल त्यांची मुले शाळेत मठ्ठ ठरवली जात. विल्यम लबॉव्ह नावाच्या भाषाशास्त्रज्ञाने न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातल्या मुलांची बोली तपासून दाखवून दिले की तिला स्वतःचे काटेकोर नियम आहेत. मुले चुकत नव्हती, त्यांची बोली वेगळी होती. त्याचे पुस्तक १९७२ सालचे. त्याच साली मुंबईत दलित पँथरची स्थापना झाली आणि तिने नाव घेतले ते तिकडच्या ब्लॅक पँथरवरून. हा योगायोग असेल, पण आम्हाला तो लक्षात ठेवावासा वाटतो. आपल्या पट्ट्यातले मूल घरी ‘नाय’ म्हणते आणि वर्गात त्याला हसतात. हसणाऱ्याला भाषेचे ज्ञान कमीच असते. मात्र म्हणून परीक्षेत ‘नेव्हर नॉट’ लिहा, असे आम्ही म्हणणार नाही. दंडक कोणी केला हे समजून घ्यावे, आणि जिथे तो लागू आहे तिथे तो बिनचूक पाळून दाखवावा.

आता मराठीच्या बाजूने पाहू. आपल्या भाषेत नकार शेवटी येतो, आणि ‘कधीही’ हा शब्द तर दोन्ही डगरींवर पाय ठेवून उभा असतो. ‘कधीही या’ म्हणजे केव्हाही या, दार उघडेच आहे. ‘कधीही येऊ नका’ म्हणजे तोंड दाखवू नका. शेवटचे अक्षर कानावर पडेपर्यंत पाहुण्याचा जीव टांगणीला! सभेतले वक्ते याचा चांगलाच फायदा घेतात. ‘आम्ही हे कधीही सहन करणार...’ असे म्हणून थांबतात, आणि सभाच ओरडते, ‘नाही!’ इंग्रजी वक्त्याला ही सोय नाही, त्याला नकार आधीच सांगून टाकावा लागतो. म्हणून इंग्रजी ऐकताना वाक्याच्या पहिल्या अर्ध्या भागात कान टवकारावे लागतात. आपल्याला सवय शेवटाकडे लक्ष देण्याची. तोवर ‘नेव्हर’ निघून गेलेला असतो.

दुसरी गोष्ट. ‘नेव्हर’ एकच, पण आपल्याकडे त्याची तीन रूपे होतात. हुंड्याचे उदाहरण घेऊ. ‘आमच्या घरात कधी हुंडा घेतलेला नाही’ ही आजवरची हकिकत झाली : ‘वी हॅव नेव्हर टेकन डाउरी’. ‘आमच्यात हुंडा घेत नाहीत’ ही रीत झाली : ‘वी नेव्हर टेक डाउरी’. ‘आम्ही हुंडा घेणार नाही’ हा निश्चय झाला : ‘वी विल नेव्हर टेक डाउरी’. इंग्रजीत ‘नेव्हर’ तसाच राहतो, काळ सांगतो तो शेजारचा शब्द. लग्नाच्या बैठकीत पहिली दोन वाक्ये सगळे बोलतात. तिसरे कोण बोलतो ते वधूपक्षाने ऐकावे. हुंडाबंदीचा कायदा १९६१ चा आहे, तरी हे वाक्य अजून ऐकायची वेळ येते.

तिसऱ्या रूपाचे बळ आपल्या समाजाला सांगायला नको. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी नाशिक जिल्ह्यातील येवल्याच्या परिषदेत बाबासाहेबांनी जी घोषणा केली, तिच्यात जन्म हातात नव्हता हे आधी मान्य केले आहे, आणि मरणाबद्दल मात्र ‘नाही’ म्हटले आहे. त्या ‘नाही’ला पूर्ण व्हायला एकवीस वर्षे लागली. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला त्यांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञा व्याकरणाच्या नजरेने वाचून पाहा. त्यांतल्या कितीतरी ‘णार नाही’ने संपतात. ‘करत नाही’ असे कुठे म्हटलेले नाही. रीत बदलते, हकिकत विसरते. ‘णार नाही’ पुढच्या सगळ्या दिवसांना बांधून घेते. उलट पंचशील पाहा. त्यात ‘न’ हे अक्षर नकार म्हणून येतच नाही, ‘वेरमणी’ म्हणजे परावृत्त राहणे हा शब्द येतो. मी असे शिक्षापद स्वीकारतो, असा त्याचा घाट आहे. अर्थ न करण्याचा, वाक्य मात्र होकारार्थी. आणि पाली भाषेत ‘नेव्हर’ आहे काय, असे कोणी विचारले तर धम्मपदाच्या पहिल्या, यमकवग्गातली पाचवी गाथा काढावी. वैराने वैर कधीच शमत नाही, या अर्थाची. तिच्यात आरंभी ‘न’ आहे आणि ‘कधीही’साठी ‘कुदाचनं’ हा वेगळा शब्द आहे. म्हणजे पालीतही आपल्यासारखेच दोन शब्द लागतात. वंदनेत ही गाथा म्हणताना तेवढे लक्ष द्या.

आता ज्या जागी नोकरी जाते, तिथे येऊ. समजा, आपला एक मुलगा गोदामातल्या नोकरीसाठी मुलाखतीला गेला आहे. एमएस-सीआयटी झालेला आहे, संगणकावर बसलेला आहे. साहेब त्याच्या कागदांवर वरवर नजर टाकून म्हणतो, ‘यू हॅव नेव्हर वर्क्ड ऑन अ कॉम्प्युटर, हॅव यू?’ तू संगणकावर कधी काम केलेले नाहीस ना? मुलाच्या मनात उत्तर तयार होते, ‘नाही साहेब, केले आहे.’ तो अदबीने म्हणतो, ‘नो सर,’ आणि पुढचे शब्द जुळवू लागतो. साहेबाने तोवर ‘नाही’ लिहून दुसऱ्या उमेदवाराला बोलावलेले असते.

आता हा घोटाळा समजून घ्या. मराठीत आपले ‘हो’ आणि ‘नाही’ विचारणाऱ्याच्या म्हणण्याला असते. तुमचे म्हणणे बरोबर, तर हो. तुमचे म्हणणे चूक, तर नाही. इंग्रजीत ‘येस’ आणि ‘नो’ प्रत्यक्ष गोष्टीला असते. केले असेल तर ‘येस, आय हॅव’. केले नसेल तर ‘नो, आय हॅवन्ट’. विचारणारा ‘नेव्हर’ म्हणून विचारो की न म्हणता विचारो, उत्तर बदलत नाही. हे आपल्या कानाला इतके उलटे वाटते की नुसते समजून भागत नाही, सवय करावी लागते. दोन मुलांनी समोरासमोर बसावे. एकाने विचारावे, ‘यू हॅव नेव्हर सीन द सी, हॅव यू?’, ‘यू नेव्हर ईट फिश, डू यू?’ दुसऱ्याने खरे ते सांगावे. ‘येस’ किंवा ‘नो’ म्हटल्यावर तिथेच थांबू नये, ‘आय हॅव’ किंवा ‘आय डोन्ट’ हे शेपूट जोडावेच. शेपूट असले की गैरसमजाला जागा राहत नाही. आठवडाभर रोज दहा मिनिटे केले तरी जीभ वळते.

बोलण्यातल्या वळणांची गंमत वेगळीच आहे. ‘नेव्हर माइंड’ म्हणजे असू दे, जाऊ दे. धक्का लागला, कोणी ‘सॉरी’ म्हटले, तर ‘नेव्हर माइंड’ चालते. पण ‘माइंड’ म्हणजे मन म्हणून त्याचा मनाशी संबंध लावू नये. साहेबाने दिलगिरी व्यक्त केली तर त्याला मात्र ‘इट्स ऑल राइट, सर’ म्हणावे. ‘नेव्हर माइंड’मध्ये बरोबरीच्या माणसाची सलगी आहे. आणि मध्ये ‘यू’ घालून कोणी ‘नेव्हर यू माइंड’ म्हणाला तर समजावे की तो म्हणतो आहे, तुला काय करायच्यात नसत्या चौकशा! ‘यू नेव्हर नो’ याचा शब्दशः अर्थ ‘तुला कधीच कळत नाही’, म्हणून रागावू नका. त्याचा अर्थ ‘काही सांगता येत नाही’ एवढाच. ‘दॅट विल नेव्हर डू’ म्हणजे असे चालायचे नाही. ‘नेव्हरदलेस’ हा लांबलचक शब्द दिसला तर त्यातल्या ‘नेव्हर’ला घाबरू नका, त्याचा अर्थ ‘तरीसुद्धा’. बोलताना इंग्रज कधी ‘आय नेव्हर टुक इट’ म्हणतो तेव्हा त्यात काळबिळ काही नसतो, ‘मी घेतलेच नाही’ एवढेच ठासून सांगायचे असते. लिहिताना तिथे ‘डिड नॉट’ वापरावे. ‘बेटर लेट दॅन नेव्हर’ तर सगळ्यांना माहीत आहे. कधीच न होण्यापेक्षा उशिरा झालेले बरे. सन २००० पासून महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले. त्याआधी आपल्याकडे मराठी शाळांत ते पाचवीपासून होते. आज समोर बसलेल्या अनेक आईबापांना ही म्हण लागू आहे. मुलांच्या शेजारी बसून शिकायला लाजू नये.

आपलीही वळणे काही कमी नाहीत. ‘कधी नव्हे ते आज एसटी वेळेवर आली.’ हे इंग्रजीत शब्दाला शब्द ठेवून सांगून पाहा बरे! तिथे ‘नेव्हर’ चालतच नाही, ‘फॉर वन्स’ म्हणावे लागते. ‘कधी ना कधी दिवस पालटतील’ यात ‘ना’ आहे, पण नकार नाही, उलट आशा आहे. ‘होय-नाही करणे’, ‘नन्नाचा पाढा’, ‘नाहीसा होणे’, ‘नको नकोसे होणे’, किती सांगावे! आणि ‘नापास’ हा शब्द पाहा. ‘ना’ फारसीतून आलेला, ‘पास’ इंग्रजीतला, आणि रडायला लागते ते आपले मराठी मूल.

आणखी एक गोष्ट, ती पालकांसाठी आणि संस्थेच्या कार्यकर्त्यांसाठी. अर्ज लिहिताना ‘कधीच’ जपून वापरा, मग तो मराठीत असो की इंग्रजीत. आपण लिहितो, ‘आमच्या वस्तीत पाणी कधीच येत नाही.’ मनातला संताप खरा असतो. पण ‘कधीच’ हा शब्द एका अपवादाने मोडतो. अधिकारी वही उघडतो, अमुक तारखेला पाणी सोडल्याची नोंद दाखवतो, आणि अर्जदार खोटा ठरतो. त्याऐवजी लिहा : या तारखेपासून या तारखेपर्यंत इतके दिवस पाणी आले नाही, ज्या दिवशी आले त्या दिवशी इतकी मिनिटे आले. मुलाची शिष्यवृत्ती ‘कधीच मिळत नाही’ असे न लिहिता कोणत्या वर्षाचा कोणता हप्ता जमा झाला नाही ते लिहा. अशा अर्जापुढे वही उघडून उपयोग नसतो. कोर्टात साक्ष देतानाही हेच. ‘मी तिथे कधीच गेलो नाही’ असे बोलण्याआधी लहानपणीची जत्रासुद्धा आठवून पाहावी. समोरचा वकील ती शोधून काढतो. घरातल्या भांडणात ‘तुम्ही माझे कधीच ऐकत नाही’ हे वाक्य दोन्ही बाजूंनी रोज उडत असते, तिथे आम्ही ढवळाढवळ करीत नाही.

जाता जाता ‘नको’विषयी. इंग्रजीत याला एक शब्द नाही. ‘आय डोन्ट वाँट’ म्हटले तर रुक्ष वाटते, नुसते ‘नो’ म्हटले तर तोडल्यासारखे वाटते. पाहुण्याच्या घरी चहा पुढे आला आणि नको असेल तर ‘नो, थँक यू’ म्हणावे. हे ‘थँक यू’ म्हणजे आपल्या ‘नको’तला मऊपणा समजा. आणि आपला ‘नको’ माणूस पाहून रूप बदलतो, हे विसरू नका. मित्राला ‘जाऊ नकोस’, वडीलधाऱ्यांना ‘जाऊ नका’. ‘नेव्हर’ला अशी मानमर्यादा नाही, तो राजालाही तोच आणि शिपायालाही तोच.

मुलांनो, बाहेर फळ्यावर ‘नेव्हर’ची दहा वाक्ये लिहून ठेवली आहेत. पाचांत मुद्दाम ‘नॉट’ जादा घातला आहे. चहापाण्याआधी तो शोधून पुसा. खडू आणि डस्टर तिथेच आहेत. जयभीम.